मावशीची देवी आणि आमचं अपील

३ फेब्रु. १९९४
यांचा अपंगत्व-पेन्शनचा अर्ज नामंजूर. कारण दीड ओळीत: डिप्रेशन फौजेमुळे नव्हे, मूळचंच, घराण्यात मानसिक आजार आहे. घराण्यात! बारा वर्षं नांदतेय, मला कसा नाही दिसला? चौदा वर्षं वायरलेसवर ठणठणीत बसलेला माणूस लंकेतल्या शांतिसेनेतून आला तो असा आला. हे त्यांना दिसत नाही.
अपील करणार. टाइप मीच करणार. तंजावुरातले निम्मे कारकून माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकलेत, बघू कोण अडवतं.
(डायरी नागरीत हे बरं. घरात मराठी बोलतात सगळे, वाचत कुणी नाही. यांना फौजेमुळे येतं, पण हल्ली हे पेपरसुद्धा उघडत नाहीत. कुलूप कशाला?)

५ फेब्रु.
यांनी ते पत्र वाचलं. तेव्हापासून चित्राला जवळ येऊ देत नाहीत. पोर नऊ वर्षांची, सवयीने पाठीवर चढायला गेली. "लांब बस बाळ." रात्रीचं जेवणसुद्धा वेगळं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "रक्तांत आहे म्हणतात. तिज लागेल."
मी ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले, ते वेगळं.
पेन्शन मिळो न मिळो, ती ओळ खोडून आणायची.

११ फेब्रु.
माजी सैनिक ऑफिसातून फौजेच्या मेडिकल बोर्डाच्या कागदांची नक्कल मिळाली (कारकून माझा जुना विद्यार्थी, अजूनही 'टीचर' म्हणतो). "मावशी: झटके, ओरडणे, भान जाणे, नंतर आठवण नाही."
यांना विचारलं, कुठली मावशी? मग सांगितलं: डॉक्टरने विचारलं, घरात कुणी ओरडतं, पडतं, मग विसरतं का? हे सत्यवादी! म्हणाले, आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, कमळा मावशीच्या अंगात देवी येते.
आणि त्या शहाण्याने आजार म्हणून लिहून घेतलं. हसू की डोकं आपटू? दोन्ही केलं.

२० फेब्रु.
ओरत्तनाडूला मावशीकडे गेले. कशी सांगू, कशी सांगू करत सांगितलं. मावशी भात पाखडत होती, सूप खाली ठेवलं.
"मज देवी येती ती वर्षांत एक दिवस. बाकीचे दिवस शेतांत माणसं कोण लावतो? मीच की! मज वेड?"
निघताना म्हणाली, "माझी देवी त्याच्या आड आली होय ग."

२७ फेब्रु.
मावशी सकाळच्या बसने हजर. हातात कोरा स्टँप पेपर.
"लिही. इतकी वर्षं सोंग केलं म्हणून लिही. मी सही करत्यें."
मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. कागद मशीनला लावलासुद्धा. गावात कळलं तर मावशीला देवळात कोण उभं करेल, हे माहीत असून.
ओट्यावरून यांचा आवाज. "मावशी, सोंग नव्हतं. मी पाहिलों आहें. खोटं लिहून मज कांही नको."
घरी आल्यापासून कुणी न विचारता यांचं एवढं बोलणं पहिल्यांदा. मी कागद काढला. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "सरी, सरी, बरं. कॉफी तरी दे."

६ मार्च
खरं तेच लिहिलं. देवी येणं हा आमच्याकडचा रिवाज आहे. या मावशीने कधी दवाखाना पाहिला नाही, दहा एकर एकटी सांभाळते. तिला कसलाही आजार नाही, असा सरकारी डॉक्टरचा दाखला सोबत. भरतीच्या वेळी यांची तब्येत कशी होती, तेही यांच्याच कागदांतून. चार पानं, एक खाडाखोड नाही. समोर कॉम्प्युटर सेंटर उघडलंय, म्हणे टाइपरायटरचे दिवस भरले. भरू देत, हे अपील झाल्यावर.

१४ जून, मद्रास
अपिलाचा बोर्ड. हे एकटेच आत. मी नि मावशी बाकावर, पुळियोदरैचा (चिंचभाताचा) डबा उघडला नाही. शिपाई म्हणाला इतरांना दहा मिनिटं लागतात. यांना पाऊण तास.
मग एक डॉक्टर बाहेर आला, मावशीला तमिळमध्ये विचारलं, काय येतं अंगात?
"मारिअम्मा येती. तुमच्या घरी कोणास येत नाही?"
तो म्हणाला, "आजीला यायची." आणि आत गेला. चांगलं की वाईट, कळलं नाही. मला तरी चांगलं वाटलं.
परतीच्या बसमध्ये यांनी सांगितलं: "लंकेत पुढच्या ट्रकांत मेले त्या चौघांची नावं सांगितली. आजवर कुणी विचारलीच नव्हती." त्रिची येईपर्यंत माझा हात धरून होते.

२ ऑगस्ट
मावशीला यंदाही देवी आली. हे गर्दीत शेवटपर्यंत उभे. चित्रा मात्र माझ्याकडेच, त्यांच्यापासून हातभर लांब.
संध्याकाळी सहज म्हणाले, "ठणठणीत नव्हतों हां. सर्दी व्हायची." मला आधी कळेचना. मग पहिलं पान आठवलं. चोर! डायरी वाचतात! भांडले, पण मनातून इतकी खूश झाले की भांडण जमेना.
आता वाचताय ना? मग वाचा: तुमच्या रक्तात काही नाही.

१९ ऑगस्ट
पोस्टमन आला. बोर्डाचं रजिस्टर पत्र, माझ्या हाती देईना. हे आंघोळीला, तो थांबेना. चिठ्ठी ठेवून गेला: स्वतः पोस्टात येऊन घ्यावे.
हे गल्लीबाहेर एकटे जात नाहीत, म्हणून मी साडी बदलायला गेले. तेवढ्यात सायकलचा आवाज. पुसून, हवा भरून तयार.
"तूं राहा, मी जातों." मग दाराशी थांबले, मागे वळले. "चित्रा, येतेस?"
पोर चप्पल न घालता धावली.
तासाभरात येतील. पत्रात काय असेल ते असो. ती कॅरिअरवर बसली, दोन्ही हातांनी यांची कंबर धरली, आणि यांनी धरू दिली.