मधली रेघ

प्रिय चिंगे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फोन मधेच कापता येतो. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी दोन ओळी तरी डोळ्यांखालून जातातच. माझं अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, सांभाळून घे. तू मागच्या खोलीत दार लावून झोपतेस, जेवायला बाहेर येत नाहीस, आणि नवऱ्याला दुसरं लग्न कर म्हणालीस, हे त्याच्याकडूनच कळलं. सांगताना तो रडला. रडणाऱ्या पुरुषाशी काय बोलावं हे मला कधी सुचलेलं नाही, म्हणून मी उलट त्यालाच झापलं. मग त्याने तुझं ते वाक्य सांगितलं, माझ्या पोटात राक्षस वाढला, हे. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. त्या वाक्याशी भांडायला बसले आहे असं समज.

बाळाच्या रिपोर्टवरचं जनुकाचं नाव तू दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाइलवर शोधलंस आणि पडद्यावर मुलांच्या व्हिडिओ गेममधला तो निळा काटेरी प्राणी उड्या मारायला लागला. तू मला विचारलंस, नाव ठेवताना तुम्ही संशोधक लोक हसत होतात का. हसत असतील ग. माश्यांवर काम करणाऱ्यांना आधी एक जनुक सापडलं होतं. ते बिघडलं की माशीच्या अळीच्या अंगावर काट्यांची दाटी व्हायची, म्हणून त्याला काटेरी प्राण्याचं नाव पडलं. पुढे तुमच्याआमच्यासारख्या प्राण्यांत त्याचं भावंड मिळालं, तेव्हा त्याला गेममधल्या काटेरी प्राण्याचं नाव द्यायची गंमत कुणाला तरी सुचली. त्याच्यासमोर प्रयोगाचं टेबल होतं, आई बसलेली नव्हती. आमच्याकडे ते नाव दिवसभर चहा मागावा तसं घेतलं जातं. तू विचारल्यापासून माझ्या तोंडातून ते निघत नाही. मी नुसतं 'ते जनुक' म्हणते आणि बरोबरीचे लोक माझ्याकडे बघतात.

सोनोग्राफीनंतर तू हुंदके देत फोन केलास आणि मी पहिलं काय विचारलं, तर नाक कसं दिसतंय. उंदराच्या गर्भात आम्ही आधी तेच पाहतो. मी तुझा उंदीर नाही, असं तू ओरडलीस आणि बरोबर ओरडलीस. पण आता मला उंदरांबद्दलच थोडं बोलू दे. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे.

आमची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, एसीचं पाणी बादलीत ठिबकतं, आणि मी थिजवलेल्या गर्भाचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेते. मग रंग घालते. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी बोलत नाहीत. एखादं जनुक जिथे बोलतं, तिथे जांभळा डाग उमटतो. कुठलं, कुठे, किती वेळ बोललं, एवढंच आम्ही आयुष्यभर पाहत बसतो. मेंदू व्हायच्या अगदी सुरुवातीला, त्याच्या खाली मधोमध, पेशींची एक बारीक पट्टी असते. तिच्यातलं ते जनुक वरच्या पेशींना सांगतं की इथे मध्य आहे, इथून दोन भाग व्हा. त्या सांगण्यावर मेंदूचे दोन अर्धे भाग होतात, दोन डोळे लांब सरकतात, नाक मधे बसतं. सांगणं कमी पडलं तर मेंदू एकच गोळा राहतो. चांगल्या कापात ती जांभळी रेघ इतकी सुंदर दिसते, की मला ती बघण्याचा पगार मिळतो याची कधीकधी लाज वाटायची. आता बघवत नाही. परवा काप तसाच टाकून मी जिन्यात जाऊन बसले.

हे सगळं घडतं तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याहून लहान असतो आणि बहुतेक बायकांना दिवस गेल्याचा नीट पत्ताही नसतो. त्या आठवड्यात तू माझ्याशी पडद्यांच्या रंगावरून भांडत होतीस. तुझ्या सासूबाईंनी शोधलेली कारणं, ती सर्दीची गोळी, ते जिने चढणं, ऑफिसातला कॉम्प्युटर, सगळी खोटी आहेत. त्यांना माझ्याकडे पाठव. मी त्यांना रंग कसा चढतो ते दाखवीन आणि दिवसभर स्टुलावर बसवून ठेवीन, म्हणजे तेवढा वेळ तरी तुझ्या घरात शांतता.

जनुकातली ती चूक तुझ्याकडून आली, असं डॉक्टर म्हणाले. मग तुझ्याकडे कुठून आली? बाबांचा वरचा मधला दात आठव. समोर दोनांऐवजी एकच, बरोबर मधोमध. दोघांचं काम एकटा करतो, म्हणून बाबा त्याचं कौतुक करायचे. तुझाही तसाच होता, दाताच्या डॉक्टरने शेजारी खोटा बसवून जागा भरेपर्यंत. शाळेत तुला चिडवणाऱ्यांना मी बडवलं होतं. तो दात म्हणजे तीच चूक, फक्त नखाएवढी. बाबांना ती एका दातावर सोडून गेली, तुलाही. बाळाला सोडलं नाही. असं का, ते मला माहीत नाही. आमच्यात कुणालाच नीट माहीत नाही. एकाच पोटच्या उंदरांत, तीच चूक असून, एक धडधाकट निघतो आणि एक निघत नाही. मीही रक्त तपासून घेतलं. माझ्यात ती नाही. निकाल वाचून मला सुटल्यासारखं वाटलं नाही, तुझा घास मीच पळवल्यासारखं वाटलं.

बाबांना मी सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, आणि मग विचारलं की तुझ्या आईला हे आधी कळलं असतं, तर तिने मला लग्नाला नाही म्हटलं असतं का. आई असती तर तिने त्यांना चांगलंच सुनावलं असतं. हल्ली ते तोंडावर हात धरून बोलतात. तू त्यांना भेटलीस तर ते आधी तुझी माफी मागतील, एवढं लक्षात ठेव. ती माफी तुझ्याच्याने ऐकवणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता जे सांगायला बसले होते ते. तुला कळा येऊन निष्प्राण बाळ बाहेर आल्यावर, बघायचंय का, असं नर्सने विचारलं, तेव्हा तुझ्या नवऱ्याने तुझ्या वतीने मान हलवली. त्याचीही बघायची हिंमत नव्हती, त्याला बोल लावू नकोस. नर्सने बाहेर येऊन मला विचारलं आणि मी हात पुढे केले. तुला काही सांगायचं नाही, असं नंतर सगळ्यांनी ठरवलं. मला ते पाळायचं नाही. डोळे जवळजवळ होते, मिटलेले. नाकाला एकच भोक होतं आणि वरचा ओठ मधे उघडा होता. या प्रत्येकाला आमच्याकडे शब्द आहे, आणि त्या वेळी मला एकही आठवला नाही. बाकी सगळं तुझं होतं. कानाची पाळी तुझ्यासारखी गालाला चिकटलेली, बोटं लांब, त्यांना नखं, भुवयांच्या जागी लव. अंग अजून कोमट होतं. नर्स परत येईपर्यंत मी छातीशी धरून उभी होते, आणि खरं सांगते, मी काहीही तपासत नव्हते. घरात सगळे 'ते' म्हणतात. ते झालं, ते विसर. तूही 'ते' म्हणतेस, कारण तुला कुणी सांगितलंच नाही. ते नव्हतं, चिंगे. ती होती. तुला मुलगी झाली होती.

तुझीच,
ताई