गोधडीखालचा कॉम्प्युटर

मंगळवार, संध्याकाळ

काल चूक माझीच झाली. नात स्नेहल शेंद्र्याला कामावर जाताना कॉम्प्युटर चालूच ठेवते. धूळ बसंल म्हणून मी त्याला गोधडी पांघरली. तापून बंदच पडला.

"आज्जे, ताप आणलास की त्याला!"

मग तिनं समजावलं. अंगातल्या प्रोटीनची घडी चुकली की हात थरथरण्यासारखे आजार होतात म्हणं. घडी कुठं चुकते ते शोधायचं काम लई मोठं, म्हणून देशोदेशीचे लोक घरचा कॉम्प्युटर चालू ठेवतात, आन तो आपसूक त्यातला थोडा थोडा हिशेब करून शास्त्रज्ञांना धाडतो. म्हणजे आमच्या गल्लीतले पापडच की! पीठ एकीचं, लाटायला साऱ्याजणी.

ह्यांचा कप ओठापर्यंत जाता जाता निम्मा सांडायचा. मी वर डाफरायचे, नीट धरा की! मला काय ठाऊक, घडी चुकलीय? आता ह्यांना उपयोग नाय. पण त्या कामात आमच्या घरचंबी लाटणं हाय, माझ्या नातीचं.

आज शेजारची पद्मा म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटरसमोर कुणी नाय, बटण बंद करू?"

"खबरदार! कामावर हाय तो."

हे असते तर त्यांनाबी समोर बसवलं असतं बघत, सांडत्या कपासकट.