याह्याची सही

लासूर स्टेशन, ६ एप्रिल

॥ श्री ॥

चि. सुदर्शन यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

वहिनीचे गुडघे कसे हायेत? तेल चोळती का नुसती बाटलीकडं बघत बसती? तनुजाचं पित्त उतरलं का? संस्कृतीचा दात पडला होता, नवा निघाला का? अन तुझा खोकला? एकेकाचं वेगळं लिही. सगळे मजेत, एवढ्यावर भागवू नको. मजेत तर बाजारातली म्हैस बी असती.

फोन करत जाऊ नको. तू बोलतो अन मला नुसती भुंग्याची गुणगुण ऐकू येती. कापसाच्या गाठीवरली नावं वाचू वाचू अक्षरं शिकले, ती आता कामाला येऊ दे.

काल मार्केटात तुझ्या दोस्ताची, आकाशची आई भेटली. सांगत होती, आकाशला पलटणीचं बोलावणं आलं अन दुसऱ्या दिवशी पोरगं गेलं बी. जायच्या आधी तुझ्या कुठल्याशा कागदावर सही करून गेला म्हणे. तिचा पदर काय डोळ्यावरून हटंना. मला धस्स झालं. तुझा कसला कागद? आत्यापासून लपवायसारखं काय असंल तर आधी तेच लिही.

तुझी,
मनकर्णा आत्या


वाळूज, ११ एप्रिल

ती. आत्यास सुदर्शनचा सा. न. वि. वि.

आईचे गुडघे तसेच, तनुजाचं पित्त तसंच, संस्कृतीचा दात निघतोय. माझा खोकला कंपनीतल्या धुळीचा, तो माझ्यासोबतच रिटायर होईल.

घाबरू नकोस, कागद साधा आहे. वर्षातले दोन महिने मी टेरिटोरियल आर्मीच्या कॅम्पला जातो, बाकीचे दहा महिने कंपनीचा निळा शर्ट, हे तुला माहीत आहेच. या महिन्याच्या सुरुवातीला रेकॉर्ड तपासलं तर एका अख्ख्या कॅम्पचं ट्रेनिंग गायब. तो रमजानातला कॅम्प. आमच्यात याह्या धरून पाच जण रोजे ठेवणारे. पहाटे सहरीला त्यांना गरम खायला मिळेना. हवालदार साहेबांनी विचारलं, चूल कोण पेटवील? मी हात वर केला. आत्या, ही खोड तुझीच.

रोज पहाटे मी लंगरात, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात. भांडी आवरेपर्यंत मैदानावरची हजेरी होऊन जायची. साहेब म्हणायचे, तुझं मी बघतो. मग मी सगळ्यांबरोबर पळालो, फायरिंग केलं, रूट मार्च केला. पण मैदानाच्या हजेरीत मी नाही, कारण मी लंगरात. लंगराच्या हजेरीत नाही, कारण मी स्वयंपाकी नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी! ते हवालदार रिटायर होऊन कुठल्या गावी गेले, कुणालाच पत्ता नाही.

आत्ताचे साहेब भले आहेत. म्हणाले, शेजारी उभं राहून ट्रेनिंग केलेल्या दोघांच्या सह्या महिन्याच्या आत आण. आल्या तर दुरुस्ती, नाही तर गैरहजर म्हणून नाव कमी होईल. आकाशची सही झाली. दुसरी याह्याची हवी, आणि तो फोन उचलत नाही. तुझ्या मागच्याच गल्लीत राहतो. पत्रासोबत कागद ठेवलाय. जाऊन त्याचा कान धर.

तुझा,
सुदर्शन


वाळूज, १३ एप्रिल

ती. आत्याबाईंना तनुजाचा सा. न.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांनी तुम्हाला सगळं सांगितलं, पण एक गोष्ट सांगितली नाही. सध्या बोलावणी निघतायत ती ज्यांचं ट्रेनिंग पूर्ण आहे त्यांचीच. आकाशभाऊजींचं पूर्ण होतं. ह्यांच्या तुकडीतले आणखी तिघे गेले. ह्यांचं नाव निघालं नाही ते फक्त त्या कॅम्पमुळे. आणि हे तोच कॅम्प भरून घ्यायला निघालेत.

आत्याबाई, सीमेवरच्या बातम्या तुम्ही पेपरात वाचत असालच. गेल्या आठवड्यात इथं सायरनची चाचणी झाली. संस्कृती माठाच्या तिवईखाली जाऊन बसली. चाचणी संपली, पण तिची बसायची जागा तीच राहिली. आता जेवतेही तिथंच. सासूबाई तिला काही बोलत नाहीत, ताट खाली सरकवतात.

खालच्या मजल्यावरच्या एकाच्या घरी वर्दीतली माणसं विचारपूस करायला आली होती, तर जिन्यातले सगळे दरवाजे आतून लागले. नंतर कळलं, पोलीस होते, पासपोर्टची चौकशी होती. तरी दुपारपर्यंत कुणी दार उघडलं नाही.

तुम्ही याह्याभाऊजींकडे जाऊ नका. गेलात तर सही नको म्हणून सांगा. रेकॉर्डमधला तो खड्डा तसाच राहू द्या, त्यानंच माझं घर वाचवलंय. मला वाईट म्हणा, चालेल.

आपली,
तनुजा


लासूर स्टेशन, १८ एप्रिल

सौ. तनुजा हिस अखंड सौभाग्याचा आशीर्वाद.

पोरी, तुला वाईट कोण म्हणंल? लेकराच्या बापाला जपणारी वाईट, तर मग चांगली कोण? पण मी गेले. भाच्यानं सांगितलं अन मी गेले नाय, असं या जन्मात झालं नाय. घरापासून त्याच्या दारापर्यंत, काय बोलावं, तेच ठरंना. इकडं आड, तिकडं विहीर.

याह्याची आई सगीरा दारातच बसली होती. एरवी मला बघितलं की चहाआधी टोमणा मारती, की आली का मार्केटची कलेक्टरीण. आज नुसतं सरकून जागा दिली. आत याह्या बॅग भरत होता. त्याला बी बोलावणं आलं, बाई.

मी तोंड उघडायच्या आधीच तो बोलला. म्हणाला, मावशी, कागद आत ठेवा, मी सही देणार नाय. मी म्हणाले, का रं, त्यानं तुमच्यासाठी चूल पेटवली अन तू एक सही देईना? तर म्हणाला, त्यासाठीच नाय देत. त्याचं मीठ पोटात हाय. सही केली की पुढच्या यादीत त्याचं नाव येईल. आकाश गेला, मी जातोय, एवढं बास झालं. त्याची पोरगी लहान हाय, माझं तर लग्न बी नाय.

सगीरा हे ऐकत होती. पोराचं लग्न नाय म्हणून त्याला जायला हरकत नाय, हे आईनं कसं ऐकावं? तिनं लसूण सोलायला घेतला अन सालं ताटात अन पाकळ्या केरात टाकत राहिली. मी उठेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाय, अन मी बी सांगितलं नाय. कागद तिथंच कोनाड्यात राहिला.

तुझ्या मनासारखं झालं. सुंठीवाचून खोकला गेला. मी सुदर्शनला लिहिते, की याह्या नाय म्हणाला. एवढंच लिहिते. पण अर्धं खरं बोलणं म्हणजे अर्धकच्ची भाकर, पोटात गेल्यावर कळती.

संस्कृतीला तिवईखालून ओढून काढू नको. आपणहून येईल.

आत्या


वाळूज, २४ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र मिळालं. एवढं छोटं पत्र तू कधी लिहीत नाहीस, म्हणजे पोटात काही तरी ठेवलंयस. ठेव. याह्या का नाही म्हणाला, ते मला कळलंय.

याह्यानं गाडीत बसल्यावर फोन केला होता. सहीचं काही बोलला नाही. मला विचारत होता, की भात खालून लागू नये म्हणून मी काय करायचो. तिथं लंगराला माणसं कमी आहेत म्हणे. मी सांगितलं, विस्तव ओढून घे आणि झाकणावर निखारे ठेव. मग रेंज गेली. त्यानंतर फोन बंदच आहे.

आत्या, मी काही शूर नाही. तनुजा रोज माझ्याकडं कशी बघते ते मला दिसतं. बोलावणं यावं असं मलाही वाटत नाही. पण गैरहजर लिहिलं तर ते खोटं आहे गं. मी तिथं होतो. उन्हात सगळ्यांबरोबर पाय सोलून घेतले. उद्या याह्याचं किंवा आकाशचं काही बरंवाईट झालं आणि कुणी विचारलं की तू यांच्यातलाच का, तर मी काय सांगू? कागदावर तर नव्हतो?

महिना संपत आला. आता कुणाला काही म्हणत नाही.

सुदर्शन


लासूर स्टेशन, २६ एप्रिल

सौ. तनुजास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीच्या हातात पडावं म्हणून शेजारच्या माऊली दुकानदारासंगं पाठवते. तो शहागंजाच्या बाजारात माल आणायला येणार, येताना तुमच्याकडं वाकडी वाट करील.

काल सगीरा आली. एरवी तिचा आवाज आधी अन ती मागून, पण काल उंबऱ्यात कधी उभी राहिली ते कळलं बी नाय. पदराखालून तोच कागद काढला. त्यावर याह्याची सही. निघायच्या दिवशी, रिक्षा दारात उभी असताना, तिनंच त्याला करायला लावली. त्याला म्हणाली, की दोस्ताला वाचव, पण त्याला खोटा पाडून नको वाचवू. तू हक्कानं जातोस, त्याचं त्याला हक्कानं ठरवू दे. याह्यानं बॅग खाली ठेवली, सही केली अन निघाला.

मी तिला म्हणाले, बाई, तुझं पोरगं गेलं म्हणून माझं बी जावं, असं तर नाय ना तुझ्या मनात? बोलून गेले अन जीभ चावली. ती रागावली नाय. म्हणाली, मनात ते बी आलं होतं. म्हणूनच इतके दिवस कागद दिला नाय. आता मन साफ झालं, तवा आणला.

मी कागद घेतला अन तिच्यासाठी चहा टाकला.

कागद सोबत हाय. हक्क सुदर्शनचा, मला कळतं. पण घाव तुझ्यावर पडणार, म्हणून तुझ्या हातून जाऊ दे. फाडू मात्र नको. दे, नाय तर ठेवलाय म्हणून तोंडावर सांग.

आत्या


वाळूज, ९ मे

ती. आत्याबाईंना सा. न.

दोन दिवस कागद पिठाच्या डब्यामागं होता. मी ठेवून घेणार होते, खरंच. पण ह्यांनी विचारायचंच सोडलं होतं. शिफ्टवरून येत, जेवत, ताट स्वतः धुऊन ठेवत. पाहुणा ठेवतो तसं. घरात राहिलेला माणूस मला घरात दिसेना. तिसऱ्या दिवशी मी कागद त्यांच्या समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. तुम्हाला लिहिलेलं पत्रसुद्धा. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, याह्याचं अक्षर अजून शाळेतलंच आहे.

दुरुस्ती झाली. साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, की ट्रेनिंग पूर्ण धरलं, अभिनंदन. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. तिला मुंग्या लागायच्या आत बोलावणं आलं.

काल सकाळी गेले. संस्कृती तिवईखालून बाहेर आली नाही, तर हेच वाकून आत शिरले आणि तिथं तिच्याशेजारी बसून राहिले. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

मी रडले नाही. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे, फोन तिथं चालत नाही. तुम्ही लिहा, तुमचं अक्षर त्यांना बरं वाटेल.

तनुजा


लासूर स्टेशन, २० मे

चि. सुदर्शन यास आत्याचे उदंड आयुष्याचे आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी हाय? पाणी मानवतं का? पाय सोलले का? आकाश कसा हाय? अन याह्या? एकेकाचं वेगळं लिही.

हिकडं तुझ्या घरी समदे ठीक. मी चार दिवस राहून आले. वहिनी तेल चोळती. तनुजा कामाला लागली. संस्कृती माझ्या मांडीवर जेवली, पण घास घेताना दाराकडं बघत होती.

तू खरा ठरलास, मला लई बरं वाटलं. ते बरं वाटणं अन हे काळीज तुटणं, दोन्ही एकाच छातीत कसं मावलं, देवच जाणे.

एक सांगायचं हाय. याह्याचं पत्र नाय, फोन नाय. आकाशच्या आईला बी काय कळलं नाय. सगीरा रोज सकाळी येती, पोस्टमन जाईपर्यंत माझ्या ओट्यावर बसती. काल पोस्टमन सायकल हळू करून नुसती मान हलवून गेला, तवा तिनं माझा हात धरला तो दुपारपर्यंत सोडला नाय.

तुम्ही एका ठिकाणी असाल तर पत्र एकच लिहा, दोघांच्या दोन ओळी. मी तिला वाचून दाखवीन. अन एका ठिकाणी नसाल, त्याचं काही कळलं असंल, तर ते बी लिही. ते मला लिही, तिला नको. कसं सांगायचं ते मी बघीन.

लोभ हायेच, तो आटू देऊ नको. पण आधी लिही बाबा. लवकर लिही.

तुझी,
मनकर्णा आत्या