बारा वड्या आणि एक अंगठा

२ नोव्हेंबर, रविवार. पणदरे.
आई करायची तसा साबण आज टाकला. करडईचं तेल, थोडं खोबरेल, कॉस्टिक सोडा. पाणी जरा जास्त घातलं, सुरक्षेसाठी. ठिबकच्या जुन्या, जाड मेन पाइपात ओतला. चाळीस दिवस वाळवायचा. १४ डिसेंबरला आईचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी सगळे माझ्याच साबणाने अंघोळ करतील, असा शब्द इंदापूरला मनिषाताईला फोनवर दिला. ती नुसतीच बरं म्हणाली.

४ नोव्हेंबर
बारा वड्या कापल्या. सुरीने उजवा अंगठा चिरला, तिरका. किरकोळ. वड्या आईच्या खोलीत, फळीवर. नियम: पाहणी दिवसातून दोनदाच. पाहणी म्हणजे दाबणे नव्हे. फक्त बोट टेकवणे.

९ नोव्हेंबर
पाहणी अकरा वेळा. एमआयडीसीत डेअरीच्या पॅकिंगला कामाला जातो, तिथे आज सुट्टी होती म्हणून.

१३ नोव्हेंबर, सकाळी ६
तिसऱ्या वडीवर अंगठ्याचा ठसा. मध्ये तिरकी रेघ. आईच्या अंगठ्यावर विळीची अशीच खूण होती. मी घाबरलेलो नाही. नोंद म्हणून लिहितो.

१४ नोव्हेंबर
घरात आम्ही दोघंच बापलेक. तुम्ही हात लावलात का, असं आबांना विचारलं. म्हणाले, "मला शेण काढायला टाइम न्हाय, तुझा साबण कुठं चाचपत बसू?"

१७ नोव्हेंबर
सात वड्यांवर ठसे. फळीला चिठ्ठी लावली: 'कृपया हात लावू नये.' शुद्धलेखन दोनदा तपासलं. आईला वाचता येत होतं.

१८ नोव्हेंबर
चिठ्ठीवरही ठसा. साबणाचा.

२२ नोव्हेंबर
काल खोलीच्या दारात रांगोळीची भुकटी पसरली. आज सकाळची पाहणी करून बाहेर आलो, तर पावलं उमटलेली! माझ्या चपलेची. आई गोठ्यात जाताना माझीच चप्पल घालायची. आता संशयाला जागा नाही.

३० नोव्हेंबर
बाराही वड्यांवर ठसे. वड्या अजून मऊ. खोलीत तिचा वास येतो. तिला काहीतरी सांगायचं असणार. मला आठवण वगैरे येत नाही, कामात आहे. पाहणी करताना एवढंच म्हणालो, "आई, आता दाबू नको, वाळू दे." मागे आबा उभे होते. तसेच गोठ्याकडे वळले.

१३ डिसेंबर
मनिषाताई आली. ठसे दाखवले. म्हणाली, "अंगठा दाव." माझा अंगठा धरून तिने वडीवर टेकवला. नेमका बसला, रेघेसकट. मी म्हणालो, मायलेकांचे अंगठे सारखे असू शकतात.
"व्हय रं," ती म्हणाली. "आई साबण कापला की लगेच यष्टीनं माझ्याकडं धाडायची. म्हणायची, हितं ठिवला तर ऋतिक दाबून दाबून त्याचा लगदा करंल."
मग तिने पिशवीतलं फडकं सोडलं. आईने शेवटचा टाकलेला साबण. वर्षभर ताईच्या माळ्यावर होता.

१४ डिसेंबर
सगळ्यांनी आईच्या साबणाने अंघोळ केली. माझ्या वड्या आबांनी म्हशी धुवायला नेल्या. म्हणाले, "म्हशींची तक्रार न्हाय." आईची एक वडी ताईने मला ठेवली. पाहणी आजपासून कायमची बंद.

सायंकाळी ५
वडी फक्त पाहिली. दगडासारखी कडक. अंगठा टेकवला, सगळा जोर लावून. काहीच उमटत नाही.