साडेसहा आज्ञा

३ नोव्हेंबर, रविवार
चर्चहून आल्यावर सूनबाईंनी, सुवर्णानं, विषय काढला. माझ्या मुलाशी, हर्षलशी, लग्न झालं तेव्हाच दोघांचं ठरलं होतं, की मूल दोन्हीकडचं शिकेल आणि मोठं झाल्यावर काय ते ठरवेल. सुवर्णाच्या आईनं, धम्मशीलाबाईंनी, दिवाळीच्या सुट्टीत माहेरी वरवट बकालला नातीला, करुणाला, त्रिशरण-पंचशील अर्थासकट शिकवून टाकलं. पोर पाच वर्षांची, घडाघडा म्हणते. आता म्हणे, मामाजी, तुमच्याकडचं तुम्ही सांगा, नाहीतर तुमचं राहूनच जाईन.
राहून जाईन? तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती मी. चर्चच्या पंचकमिटीत इतकी वर्षं काढली. एसटीत कंट्रोलर होतो तेव्हा चिखली स्टँडवर माइकशिवाय बोललो तरी लोक बरोबर गाडीत चढायचे, असा आवाज. प्लॅन: आधी दहा आज्ञा, मग आम्ही काय मानतो तो विश्वासाचा अंगीकार, मग येशूचे दाखले. नाताळपर्यंत करुणा चर्चच्या पाळकांना प्रश्न विचारेल.

४ नोव्हेंबर
सुरुवात केली नाही. सोमवारी कुठलं चांगलं काम सुरू होतं?

६ नोव्हेंबर, दुपार
सहज म्हणून कॅलेंडरच्या मागे दहा आज्ञा लिहून पाहिल्या. सहा आल्या. शेजाऱ्याच्या बैलाचंही काहीतरी आहे, ती अर्धी धरली. साडेसहा.
यात माझा दोष नाही. चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात. मी पहिल्या शब्दाला जरा थांबतो, बाकीचे निघाले की मागून चढतो आणि शेवट असा उचलतो की छत हलतं. शेवट माझ्याइतका कोणालाच येत नाही. सुरुवातीची जबाबदारी माझ्याकडे कधी आलीच नाही.

९ नोव्हेंबर
पवित्र शास्त्र कपाटात आहे. पण सुवर्णा घरात. काढून बसलो तर तिला वाटेल, मामाजी परीक्षेचा अभ्यास करतायत. म्हणून मोबाइल घेऊन स्टँडवरच्या बाकावर गेलो. आज्ञा आहेत ते निर्गमाचं पुस्तक उघडलं आणि अब्दुल गनी आले. जुने ड्रायव्हर, आता रिटायर. काय पाहून राह्यले म्हणे. घाईत म्हणालो, सोयाबीनचा भाव. मग भावावरच तास गेला. त्यांना नमाजाला जायचं होतं, ते वेळेवर उठले. मी बसून राहिलो.

१३ नोव्हेंबर, बुधवार
पहिला धडा झाला. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
करुणा खाटेवर मांडी घालून बसली. सुवर्णा बाजूला मेथी निवडत होती. मी स्टँडवरच्या आवाजात दहाच्या दहा सांगितल्या. मधे कुठे अडलो नाही, हे विशेष. दारू पिऊ नको, हे आल्यावर पोरगी आनंदानं उडालीच. हे तर आजीनं शिकवलं!
सुवर्णा मान वर न करता म्हणाली, मामाजी, ते आमचं पाचवं शील हाय.
विहार आमच्या घराच्या मागेच आहे, सकाळ-संध्याकाळ स्पीकर असतो. माणसाच्या कानात काय जाऊन बसेल, सांगता येतं का? मी म्हणालो, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मेथी निवडत राहिली.
मग करुणानं विचारलं, आबाजी, मग तुमचं कोनतं व्हय?
मी म्हणालो, सांगतो. आणि पाणी प्यायला उठलो.

१४ नोव्हेंबर
लाज वाटते. दुसरा शब्द नाही. जेवण गेलं नाही. सगळा जन्म पुढच्या बाकावर काढला आणि एका लेकराला सांगायला माझ्याजवळ माझं काही नाही. जे होतं तेही शेजारचं निघालं.
तरी जुन्या पाळकांची चूक आहेच. त्यांनी मला एकदा तरी विचारायला पाहिजे होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार
नवे पाळक अमोलिक. वयानं हर्षलएवढे. उपासनेनंतर जाहीर केलं, दर रविवारी दुपारी विश्वासाचे पहिले धडे. लहान-मोठे सगळ्यांनी या, पाया कच्चा ठेवून वर कितीही बांधलं तरी उपयोग नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले असं वाटलं. मी मान हलवली. मास्तर लोक एकमेकांच्या बोलण्यावर हलवतात तशी.
सुवर्णानं करुणाचं नाव दिलं. सोबत स्वतःचंही. मले काही ख्रिस्ती होयाचं नाही म्हणे, मी हाय तिथंच बरी हाय, पण तुमच्याकडचं तिले भेटलं पाहिजे, आणि घरी कोनीतरी घोकून घ्यायले लागते.
घरी कोणीतरी. मी तिथेच उभा होतो. म्हणालो, स्कूटरवर सोडून देईन.

२४ नोव्हेंबर
सोडलं. बाहेर तासभर प्लग साफ केला. प्लग आधीच साफ होता. खिडकीतून पोरांचा आवाज येत होता. एकदा वाटलं, जावं आत. पण हात काळे झाले होते.

३० नोव्हेंबर
पक्कं ठरलं. उद्या आत जायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि पाळकांना सरळ सांगायचं, मले येत नाही, मले शिकवा. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज छान लागतो.

१ डिसेंबर, रविवार, रात्री
आत गेलो. माझं वाक्य तोंडात तयार होतं. पण पाळकांनी मला पाहिलं आणि त्यांना इतका आनंद झाला! या काका, म्हणाले, तुमच्यासारखी मुरलेली माणसं पोरांना दिसली पाहिजेत. स्वतःची खुर्ची पुढे दिली. दिलेल्या खुर्चीवर न बसणं बरं दिसत नाही. बसलो. मग म्हणाले, काका, या लेकरांना दहा आज्ञा म्हणून दाखवता का?
तेव्हाच सांगायचं होतं. सगळी पोरं माझ्याकडे पाहत होती. करुणा पहिल्या रांगेत होती, छाती काढून बसलेली.
मागच्या बाकावरून सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं. एक क्षणच. मग तिनं ओठ हलवायला सुरुवात केली, आवाज न करता. मागच्या रविवारी शिकलेलं. मी तिचे ओठ पाहत गेलो आणि म्हणत गेलो. दहाही बरोबर आल्या. शेवट मी माझ्या पद्धतीनं उचलला.
पाळक म्हणाले, बघा, याला म्हणतात पाया. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.
परत येताना स्कूटरवर करुणा पुढे उभी होती. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, माह्या आबाजीले सगळं येते. सुवर्णा मागे बसली होती.
नववी आज्ञा खोट्या साक्षीची आहे. तेवढी आता पाठ झाली.