क्लेलियाबाईंच्या पानाला कावळा का शिवत नव्हता

जुमेरा लेक टॉवर्स, दुबई
गौरीविसर्जनाचा दुसरा दिवस

तीर्थरूप दत्तारामकाकांच्या चरणी सुदेशचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघा आपटल्यामुळे सध्या नुसतं शिर; बाकीची अंगं बरी झाली की पोचती करीन). तुमचा दमा, काकूंची कंबर आणि परसातला फणस या तिघांची प्रकृती ठीक असावी. इकडे समिधा मजेत आहे. सोनम दहावीत गेली असून मराठीतल्या कुठल्याही प्रश्नाला "व्हॉटेव्हर, बाबा" एवढं एकच उत्तर देते, तेव्हा तिचीही प्रकृती उत्तम.

पत्रास कारण, लिफ्ट. काका, मी जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही, पण आमच्या टॉवरची लिफ्ट ज्याने बसवली त्याला आयुष्यभर जिने चढावे लागोत. मजले चाळीस, लिफ्ट चार. त्यातली एक सामानाची, एक कायमची 'अंडर मेंटेनन्स' (तिच्या दारावर पाटी नाही, नेमप्लेट आहे), तिसरी फक्त वर जाते आणि खाली येताना विचारात पडते. उरली चौथी. मी आजवर सात तक्रारी केल्या, सातही 'काइंडली डू द नीडफुल' घालून. उत्तर एकच: 'डिअर व्हॅल्यूड टेनंट'. माझी व्हॅल्यू काय ते त्या चौथ्या लिफ्टसमोर रोज अकरा मिनिटं उभं राहून कळतं.

त्यात एकतिसाव्या मजल्यावरची म्हातारी. काळा चष्मा, रबरी सपाता आणि काठी. लिफ्टच्या दारात काठी आडवी घालायची आणि फोनवरचं बोलणं संपेपर्यंत काढायची नाही, असा तिचा तीन वर्षांचा नेम. आम्ही एकमेकांकडे बघून हसतो, आणि दोघांच्याही मनात काय असतं ते दोघांनाही ठाऊक असतं.

परवा शनिवारी मी देऱ्याच्या बाजारातून अळूची पानं घेऊन आलो. लिफ्टमध्ये मी, म्हातारी आणि तिची लिंबांची पिशवी. सतरा आणि अठराच्या मध्ये लिफ्टने आचका दिला आणि खलास. माझा गुडघा भिंतीवर, लिंबं माझ्या पायाखाली. म्हातारीने शांतपणे घंटा दाबली. भिंतीतून सिक्युरिटीचा आवाज आला, "नेम प्लीज, मॅडम?" तिने नाव सांगितलं. त्याला कळेना. मग व्हिसा ऑफिसात सांगतात तसं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं: क्लेलिया बोंतेंपी.

काका, इथे जरा खाली बसा. पाणी प्या. काकूंना जवळ बोलवा.

तुमची इटालियन नटी क्लेलिया बोंतेंपी. चिपळूणच्या थिएटरात तुम्ही सिनेमाचं मशीन चालवत होतात तेव्हापासून जिचा फोटो तुमच्या केबिनमध्ये होता ती. जिचं तीनशे बारा पानांचं चरित्र तुम्ही लिहिलंत, मला व्हॉट्सॲपवर आडवे फोटो काढून पाठवलंत, आणि जे येत्या सर्वपित्रीला प्रकाशित व्हायचं आहे ती. अकरा वर्षांपूर्वी जी वारली ती. माझ्या तोंडून निघून गेलं, "शक्य नाही! त्या वारल्या!" (इंग्रजीत, आणि बऱ्यापैकी मोठ्याने.) भिंतीतला आवाज किंचाळला, "सर, समबडी डेड इन द लिफ्ट?"

म्हातारीने चष्मा काढला. आता ऐंशीच्या पुढची असेल, पण डोळे तेच, काका. तुमच्या केबिनमध्ये आम्ही पोरं ज्यांना घाबरायचो तेच.

"कधी वारले मी?"
"अकरा वर्षांपूर्वी. पहाटे. शांतपणे."
"शांतपणे? मी?" ती एवढी दुखावली की मला माफी मागावी लागली.

पन्नास मिनिटं आम्ही तिथे होतो. मी जमिनीवर बसून मोबाइलवर तुमचं पुस्तक उघडलं आणि प्रकरणवार इंग्रजीत सांगू लागलो. पुढे जे झालं त्याने मी अजून सावरलेलो नाही. पहिल्या प्रकरणात तुम्ही तिच्या कोळी बापाला वादळात बुडवलं आहे (ती सोळा पानं वाचून काकू रडल्या होत्या). बाप बाथरूमच्या फरश्या विकायचा, नव्वदीपर्यंत जगला आणि वादळात गॅलरीतसुद्धा यायचा नाही. चर्चमध्ये तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून दिग्दर्शकाने तिला निवडलं, हे मात्र खरं. पण ते पाणी सर्दीचं होतं. जो बक्षिसाचा चांदीचा पुतळा मिळाल्यावर ती धाय मोकलून रडली असं तुम्ही म्हणता, तो एकतिसाव्या मजल्यावर स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलेला आहे. ऐन भरात तिने 'रजतपटाचा त्याग करून मौन पत्करलं' ते पहाटे चारला उठून मेकअपला बसायचा कंटाळा आला म्हणून. मौनाबद्दल आमच्या टॉवरमध्ये कुणालाही विचारा. आता मुलीकडे राहते. जावई जबल अलीत एसीच्या डक्टचा धंदा करतो.

पण खरा स्फोट एकोणिसाव्या प्रकरणात झाला. काका, बाईंना तीन नवरे होते. तुम्ही एक ठेवलात आणि उरलेल्या दोघांना मानलेले भाऊ केलंत! मानलेला भाऊ म्हणजे काय हे तिला समजावताना मला घाम फुटला. समजल्यावर ती अशी हसली की लिफ्ट हलली आणि भिंतीतला आवाज पुन्हा अँब्युलन्सचं विचारू लागला.

मग मी (गप्प बसायला हवं होतं, पण बसलो नाही) तिला सर्वपित्रीचं सांगितलं. की चिपळूणजवळच्या एका गावात दर भाद्रपदात तिच्या नावाचं पान वाढलं जातं. तिचा पहिला प्रश्न: "काय काय असतं?" मी म्हटलं, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. तिला पटलं. दुसरा प्रश्न: "खातं कोण?" म्हटलं, कावळा. पण खात नाही. आजोबांच्या पानावर झडप घालतो, आजीचं पान दोन मिनिटांत साफ करतो, आणि हिच्या पानासमोर कौलावर बसून नुसता मान वाकडी करतो. मग काका छत्री घेऊन उन्हात उभे राहतात आणि एकेक गोष्ट कबूल करतात. पहिल्या वर्षी, फोटोला फ्रेम करीन. दुसऱ्या वर्षी, थिएटरात फोटो लावून घेईन. तिसऱ्या वर्षी, तुमचं चरित्र लिहीन. लिहायला घेतलं तरी कावळा येईना, म्हणून प्रकरणं वाढत गेली. शेवटी दरवर्षी काकू वैतागून ते पान गाईला घालतात.

बाईने पायापाशी आलेलं एक लिंबू काठीने थोपवलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या कावळ्याला तेवढं कळलं."

तेव्हा काका, हात जोडून विनंती, छापखान्यात आजच्या आज निरोप धाडा. 'महानिर्वाण' हे चोविसावं प्रकरण तूर्त काढा. आणि यंदा पान वाढू नका. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, बोलता. म्हणून रत्नागिरीचे अलीमियाँ उद्या सुट्टीवर निघाले आहेत, त्यांच्या हाती पत्र देतो आहे. ते घरी आणून देतील, इन्शाल्ला. त्यांना चहा द्या, आणि उत्सुकता असेल तर सगळं सांगा; विमानात बसण्याआधीच त्यांनी मला चारदा विचारलं आहे.

काकूंना नमस्कार.

तुमचा
सुदेश

ता.क. बाईंनी नवऱ्यांची नावं कागदावर लिहून दिली आहेत, सोबत जोडतो. तिघेही पुस्तकात आले पाहिजेत, मधल्याला चार ओळींहून जास्त नको. 'महानिर्वाण' मात्र त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, फेकू नका, नीट ठेवा, लागेल.

ता.क. २. समिधा म्हणते, एवढं लिहिलंस आणि खरं ते लिहिलं नाहीस. लिहितो. ती वारल्याची बातमी कुठे छापून आली नव्हती. त्या वर्षी मी सुट्टीहून परतताना तुम्ही तिच्या नावाचं एक पत्र दिलं होतंत, इटालियनमध्ये करून रोमला टाक म्हणून. ते बॅगेच्या आतल्या कप्प्यात राहिलं. दर शुक्रवारी तुमचा फोन यायचा, "उत्तर आलं काय रे?" मी पहिल्यांदा म्हटलं, टाकलंय. मग म्हटलं, इटलीचं पोस्ट संपावर आहे. एका शुक्रवारी गाडी शेख झायेद रोडवर अडकली होती, मागचे हॉर्न मारत होते, आणि मी म्हणालो, "काका, ती गेली." तुम्ही फोन ठेवून आंघोळीला गेलात, हे काकूंनी नंतर सांगितलं. पुढच्या शुक्रवारी खरं सांगणार होतो. मग पितृपक्ष आला, आणि हळूहळू ते मलाही खरं वाटू लागलं. काका, कावळ्यासमोर अकरा वर्षं तुम्ही उभे राहिलात ते माझ्यामुळे. मला वाट्टेल ते बोला, पण बोलणं बंद करू नका. या पत्रातली मागणी तेवढीच आहे, बाकी सगळं लांबण.

ता.क. ३. काल बॅगा काढल्या, पाकीट सापडलं. एकतिसाव्यावर गेलो (जिन्याने) आणि बाईंना वाचून दाखवलं. तुमचं पत्र मी पहिल्यांदाच उघडलं. बाईंच्या त्या बंदरावरच्या सिनेमाचं शेवटचं रीळ तुमच्या थिएटरात आलंच नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. बायका खुर्च्यांवरून उठेनात, म्हणून तुम्ही दिवे लावून, केबिनमधून ओरडून सांगितलंत की ती बोटीत चढली नाही, घरी परत आली. आणि हे खोटं असेल तर क्षमा करावी, एवढंच मागितलं होतंत.

बाईंनी विचारलं, "माणसं किती होती?"

म्हटलं, पत्रात तीनशे लिहिलंय.

"मग त्यांना सांग, आले मी परत."

सिनेमात खरं काय होतं ते मी विचारलं नाही. त्यांनी कॉफी दिली. पाकिटावरची तुमची तिकिटं तशीच कोरी होती. पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि खाली आलो.