महसीर सुटला

रवि. ७ ऑक्टो.
गाठ सुटली. दोर तुटला असता तर एक वेळ चाललं असतं. दोराच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं आलं, म्हणजे गाठ नीट आवळलीच नव्हती. थुंकी लावून हळू आवळायची, एवढंच तर शिकवलं होतं. शिकवणारा क्लायंटचा म्हातारा मॅनेजर तिकडे अमेरिकेत ट्राऊट धरतोय आणि मी मुळशीच्या वरच्या ओढ्यात मांडीभर पाण्यात उभी राहून स्वतःला शिव्या देतेय.
महसीरच होता. दिसला नाही. वळला तेव्हा डोहाचं पाणी फुगलं, रीळ किंचाळलं, आणि काठी एकदम हलकी. त्या हलकेपणाची शिसारी येते.
विनय म्हणाला, "ॲटलीस्ट लागला तरी." ऑफिसात शेजारी बसतो, जीप त्याची, म्हणून ऐकून घेतलं.
घरी पप्पा खुर्चीत, गुडघ्यावर शेकायची पिशवी. "किती आणले?"
"मी सोडून देते. माहितीये तुम्हाला."
"सोडायला आधी धरावा लागतो."

सोम. ८
डबा खाऊन झाल्यावर टेबलाच्या पायाला दोर बांधून गाठी मारत बसले. मारायची, ओढायची, कापायची. टीममधल्या एका मुलीने विचारलं, "मॅम, मॅक्रमे?" हो म्हटलं.
संध्याकाळी नवीन माशी बांधली, म्हणजे गळावरचा खोटा किडा. कोंबड्याच्या मानेचं पीस, तांब्याची तार, थोडी काळी लोकर. गळाचा काटा कानशीने घासून टाकला, म्हणजे मासा सोडताना जखम होत नाही. पप्पा बघत होते. त्यांचं आयुष्यभर फॅक्टरी सुटली की मुळा नदीवर बांबूची काठी आणि गांडूळ. मलाही तेच शिकवलं होतं. "मासा काय आंधळा आहे का, पीस खायला?"
"काल लागला की."
"काल सुटला की."
शेजारच्या काकूंनाही सांगून झालंय, सुजाता ऑनसाइट जाऊन माशा मारायला शिकून आली.

रवि. १४
आज गाठ टिकली. मी दोरावर उभी होते.
म्हणजे शब्दशः. फेकल्यावर ओढून घेतलेला दोर पायाशी पाण्यात पडतो, त्यावर बूट. वरच्या खडकाजवळ माशी बुडाली, दोर थांबला, मी ओढला, पलीकडून असा हिसका की खांद्यापर्यंत कळ. पहिल्या धावेत त्याला दोर द्यायचा असतो. दोर बुटाखाली. फट्.
माझ्या डोळ्यासमोर माझाच बूट. कितीतरी वेळ त्या बुटाकडेच बघत उभी. इतकी अक्कल नसलेल्या बाईला कंपनी टेस्ट लीड म्हणते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार.
वि. ने चहा दिला. या वेळी 'ॲटलीस्ट' म्हणाला नाही. शहाणा आहे कधीकधी.

रवि. २१, दसरा
गेले नाही. सकाळी विहारात वंदना, पांढरी साडी, मग मावशीकडे जेवण. येताना पप्पा म्हणाले पुलावर थांब जरा. थांबले. मुळेवर जलपर्णी, मधल्या फटीतून काळं पाणी, वर फेस. ते कठड्याला धरून उभे. "इथे मरळ मिळायचे." मग, "चल, वास येतोय."
जिथून शिकलो ती नदी अशी.

रवि. २८
लिहावंसं वाटत नाही. लिहिते.
आज दिसला. डोहाच्या शेपटीला, पाणी उथळ होतं तिथे माशी सोडली आणि तो तळातून सरळ वर आला. तोंड उघडलेलं पाहिलं. तांब्याच्या रंगाचा, खवले केवढे, डाव्या कल्ल्याजवळचा एक खवला गळालेला, तिथे पांढरा डाग. माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत हात धरला तर तेवढा, जास्तच.
या वेळी सगळं नीट. दोर दिला. धावला, खडकाकडे वळला, काठी आडवी करून वळवला. पुन्हा धावला. हाताला पेटके. हळूहळू कुशीवर आला, पाण्यावर श्वास टाकायला लागला. वि. जाळं घेऊन पाण्यात. मी म्हणत होते थांब, मी आणते, तू हलू नकोस. आणि वि. पुढे झेपावला. जाळ्याची कड दोरावर बसली, गळ निसटला. गेला.
"सॉरी यार. साइज बघून राहवलं नाही."
"तुला थांब म्हटलं होतं."
"अगं पण ऑलमोस्ट…"
पुन्हा ऑलमोस्ट. मी काठी मोडून ठेवली, म्हणजे तीन तुकडे सुटे करून पिशवीत. खरी मोडायची इच्छा होती. निघण्यापूर्वी तो डोहाचे फोटो काढत होता, तेव्हा लक्ष दिलं नाही.

बुध. ३१
आता कळलं फोटो कशाला. मासेमारीवाल्यांचा नेटवर ग्रुप आहे, त्यावर टाकलेत. डोह, वरचा खडक, गावाची पाटी. खाली लिहिलंय, 'मॉन्स्टर महसीर, पुण्यापासून दीड तास'. रस्तासुद्धा समजावलाय. खाली लोकांनी विचारलंय, आमिष काय, गाडी कुठपर्यंत जाते. तो सगळ्यांना उत्तरं देतोय, ऑफिसच्या वेळात.
कॅन्टीनमध्ये विचारलं. म्हणाला, "शेअर केलं तर काय झालं? नदी काय तुझ्या मालकीची आहे?"
"नाही. म्हणूनच."
"काय म्हणूनच?"
काढून टाक म्हटलं. काढतो म्हणाला. संध्याकाळी पाहिलं तर तसंच, वर चार नवीन प्रश्न.

रवि. ४ नोव्हें.
एकटी गेले, माझी मारुती घेऊन. डोहाजवळच्या गावात पारूबाईच्या अंगणात नेहमी गाडी लावतो. आज जागा नव्हती. रस्त्यावर गाड्यांची रांग. पारूबाई दारात. "आज समदं पुनं आलंय हितं. तुमचंच पावनं हायती न्हवं?"
"माझे नाहीत."
"तुमच्यासारक्याच काठ्या हायती."
डोहावर माणसंच माणसं. गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी. कोंबडीची आतडी, कणकेचे गोळे, एकेका दोराला तिहेरी गळांचा झुपका. आमिष खायची वाट बघायची नाही, डोहात टाकायचा आणि हिसडायचा. कुशीत, पोटात, डोळ्यात, कुठेही लागला की ओढायचा. बारक्या खडशींची रास पॉलिथीनमध्ये, अजून तोंडं उघडझाक करत होत्या. इथले लोक महसीरला खडशी म्हणतात. एकाने उलटी केली होती, बरोबर त्या जागी जिथे मी उभी राहते.
काठीही जोडली नाही. एकजण टोपी उलटी घालून सगळ्यांना सांगत होता, मघाशी केवढा लागला होता, दोर तोडून गळासकट गेला. हात पसरून दाखवत होता. मी विचारलं, "डाग होता का कल्ल्याजवळ, पांढरा?"
"मॅडम, डाग कोण बघतं."
घरी आल्यावर पप्पांना सांगितलं. वाटलं होतं काहीतरी खवचट बोलतील. म्हणाले, "गळ स्टीलचा होता की लोखंडाचा?"
"काय माहीत. का?"
"लोखंडाचा गंजून पडतो. स्टीलचा राहतो."

रवि. ११
दिवाळी चालू. चकल्या, पाहुणे. वि. चा मेसेज, हॅपी दिवाली, पुढे एक माशाचं चित्र. उत्तर दिलं नाही.
डोळ्यासमोर तो गळ. मी त्याला तीनदा सोडला, म्हणजे तीनदा गमावला, तेव्हा माझंच नुकसान होतं. आता धरायलाच हवा असं वाटतं. धरायचा, गळ काढायचा, सोडायचा. हे कोणाला सांगणार? ऐकायलासुद्धा खुळ्यासारखं वाटतं.

रवि. १८
पप्पा म्हणाले मीही येतो. गुडघा? "गुडघा घरी ठेवून येऊ का?" पारूबाईच्या अंगणापासून डोहापर्यंत माझा खांदा आणि त्यांची काठी. सपाट खडकावर बसवलं. गर्दी नव्हती, सणानंतर सगळे थकलेले असणार. बाटल्या, पिशव्या, जळलेला टायर होता. पप्पांनी आजूबाजूला बघितलं आणि नाकावर रुमाल धरला. "सुशिक्षित लोक," एवढंच.
फेकत राहिले. ऊन वर आलं. लागला तेव्हा मला आधी खडक वाटला. धावलाच नाही. जड, सुस्त, नुसता खाली दाबून राहिला. तेव्हाच कळायला हवं होतं. थोडा ओढला, थोडा आला. मागच्या वेळचा तो नव्हताच असं वाटलं, पण कुशीवर आला तर पांढरा डाग.
जबड्याच्या डाव्या बाजूला तिहेरी गळ, दोन टोकं आत, एक बाहेर. भोवतीचं मांस पांढरं पडून सुजलेलं. त्यातून नायलॉनचा लांब तुकडा लोंबत होता, त्याला शेवाळ. खायला येत नसणार त्याला. माझी माशी उजव्या ओठाच्या कडेला, अगदी वरवर.
पक्कड पिशवीत. पिशवी पप्पांच्या शेजारी.
"पप्पा, पक्कड."
ते उठायला लागले. मी म्हटलं उठू नका, फेका. त्यांनी फेकली, पाण्यात पडली, माझ्यापासून हातभर लांब. मी वाकले असते तर दोर सैल पडला असता. वाकले नाही. डाव्या हाताने काठी, उजव्या हाताने तो गळ चिमटीत धरला. घट्ट रुतलेला. फिरवला. एक टोक हललं. त्याचा डोळा माझ्याकडे, म्हणजे कुठेच नाही, माशाचा डोळा.
"हळू," पप्पा म्हणाले.
मी ओढला. त्याने शेपटी मारली. नायलॉन माझ्या बोटांत अडकून कापत गेलं, माझा दोर तटकन तुटला, आणि तो तिथेच, माझ्या पायांशी, क्षणभर तसाच थांबला. वाकून दोन्ही हातांनी धरता आला असता. मी बोटाच्या रक्ताकडे बघत होते. मग तो खोल गेला.
माझी माशी पडेल, काटा घासलेला आहे. तो दुसरा तसाच. कदाचित मी ओढल्याने जास्त फाटलं.
पक्कड सापडली. परत येताना पौडला चहा घेतला. तेव्हा पप्पा म्हणाले, "मी फेकायला नको होती."
"मी ओढायला नको होता."
दोघांनी पोळणारा चहा प्यायला. किळस आली मला, माशाची नाही.

गुरु. २२
वि. माझ्या डेस्कपाशी आला. कितीतरी दिवसांनी. त्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला फोटो, प्रिंट काढून आणलेला. धरणाच्या फुगवट्याला, ओढा मिळतो तिथे, काठावर पडलेला मोठा मासा. मेलेला. एकजण शेपटीला धरून उचलतोय, हसतोय.
"तोच असेल?"
उजवी कूस कॅमेऱ्याकडे. जबडा त्या माणसाच्या बुटामागे. डाग दुसऱ्या बाजूला असणार, असला तर.
"दुसरा फोटो आहे का?"
"विचारतो." मग म्हणाला, "मी ती पोस्ट काढून टाकली, सुजाता."
"कधी?"
"आज."
तो गेल्यावर मी फोटो टेबलावर पालथा ठेवला. सरळ केला. मोजून बघण्यासारखं त्यात काहीच नाही, माणूस किती उंच आहे तेही माहीत नाही.

रवि. २५
डोहावरच लिहितेय. दुसरा फोटो आला नाही. वि. म्हणतो तो माणूस उत्तर देत नाही.
काठी जोडलीय, माशी बांधलेली नाही. पक्कड या वेळी गळ्यात अडकवली आहे. पाणी उतरलंय, तळाचे दगड दिसतात, वरच्या खडकाखाली मात्र काळोख. पप्पा त्याच सपाट जागी, टोपी डोळ्यांवर.
आत्ता म्हणाले, "हललं काहीतरी."
"कुठे?"
"खडकाखाली. मासा असेल. नाहीतर पाणी."
मला दिसलं नाही. ते म्हणतात नीट बघ. बघतेय.